कोणत्या हातानं

"हनुवटी आत, सर."

एवढंच म्हणायचे आमच्या शाळेतले पी.टी.चे सर, डाव्या मुठीचा अंगठा स्वतःच्या हनुवटीला टेकवायचे आणि पुढं जायचे. हेडमास्तर मला व्हरांड्यात उभं करून झापत असले, की मागून हे शिट्टी गळ्यात अडकवून जाताना हळूच बोलणार, हनुवटी आत. माझे वडील वारले तेव्हा भेटायला आले. बाकीचे लोक 'वाईट झालं' वगैरे म्हणत होते. यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अंगठा हनुवटीला लावला. मला तेव्हा राग आला होता. धीर देण्यासाठी त्यांच्याकडं दुसरं वाक्यच नाही, हे कळायला मला बराच काळ लागला.

तुमच्याही शाळेत पी.टी.चे एक सर असतील. पोट सुटलेले, पावसाळ्यात रिकाम्या तासाला कुठल्याही वर्गावर पाठवले जाणारे. आमच्या जिंतूरच्या शाळेतले तसे नव्हते. सायकलच्या पंपासारखा माणूस, सडपातळ आणि सरळ. आणि एका जागी उभं राहणं त्यांना जमत नसे. हेडमास्तरांशी बोलताना, पाण्याच्या टाकीपाशी रांगेत, अगदी बाजारात वांगी घेतानाही त्यांचे पाय हलत असायचे, टाचा किंचित उचललेल्या. फक्त राष्ट्रगीताला ते थांबत.

आम्ही सगळे शिक्षक एकमेकांना 'सर' म्हणत असू. त्यांना मात्र 'फौजी'. सैन्यातून निवृत्त होऊन आले होते म्हणून, असं आम्ही सांगायचो. ते खरंही होतं. पण त्यांचं आडनाव हजेरीपटावर होतं, आणि ते उच्चारलं की त्यांची वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला ते लगेच कळत होतं. विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाल्यावर आमच्याकडं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. घरं जळाली, माणसं गावं सोडून गेली. ते शाळेत आले ते त्यानंतर काही वर्षांनी. सगळं वरवर निवलं होतं. एका नावावरून अख्खा मराठवाडा पेटलेला, आणि आमच्या शाळेनं एका माणसाचं नाव न घेता वर्षानुवर्षं काम भागवलं. मी इथंही ते लिहीत नाही. त्यांची मुलं कुठंतरी असतील, त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं नाही. आज मी 'ते' लिहितोय. तेव्हा स्टाफरूममध्ये 'तो फौजी' म्हणायचो.

स्टाफरूममध्ये ते बसत नसत. कोणी मनाई केली नव्हती. बसा, असंही कोणी म्हटलं नव्हतं. त्यांचा चहा त्यांच्या पांढऱ्या चिनीमातीच्या मगात, मैदानाकडेच्या गोडाऊनमध्ये.

हे गोडाऊन म्हणजे कापसाचं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका अण्णा म्हणायचा, त्यांनी ते शाळेला दिलेलं. त्यात फौजींनी बॉक्सिंगचा वर्ग काढला. फरशीवर खडूनं चौकोन आखला, चार खांब रोवून त्यांना चऱ्हाट बांधलं. तुळईला टांगलेलं पोतं सरकीनं भरलेलं होतं. हातमोज्यांचे दोन जोड त्यांनी सैन्यातून आणलेले. ते उसवले, की त्यांच्या घरून कापूस भरून शिवून यायचे. आणि समोरच्या भिंतीवर एक फोटो.

फोटोत दोन माणसं घामानं निथळत उभी होती. मधल्या पंचानं दोघांची मनगटं धरलेली. एकाचा हात वर, एकाचा खाली. खाली हात असलेले आमचे फौजी.

हा परदेशातला सामना. फ्लायवेट गटातला. सगळ्यात हलक्या गटांपैकी एक. "फ्लाय म्हंजी माशी," ते पोरांना सांगत. "माशीला कुणी मारू शकलंय का सहजी?" त्या सामन्यात ते हरले. ज्याच्याकडून हरले तो पुढं पैशाच्या लढतींमध्ये उतरला आणि आशियाचा विजेता झाला. तिकडचं परकं नाव होतं, माझ्या जिभेला ते कधी वळलं नाही. फौजी त्याला 'आपला माणूस' म्हणत. पोरांनी काय करावं? तालमीत मारुतीच्या तसबिरीला करतात तसं ते वर्गात शिरताना त्या फोटोला नमस्कार करू लागले. कोणीतरी एकदा जास्वंदही वाहिलं.

अण्णा जुने पैलवान. ते पहिल्यांदा गोडाऊन पाहायला आले तेव्हा मी बरोबर होतो. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले.

"हरल्याला फोटू कोण लावतंय रं फौजी?"

"अण्णा, मला हरवणारा अजून कुणाकडनं हरला न्हाई."

"तू किती टिकला?"

"पुऱ्या तीन फेऱ्या. पडलो न्हाई."

"पाठ लागली न्हाई?"

"न्हाई."

अण्णांनी मान डोलावली. आमच्याकडं कुस्तीत माणसाची किंमत अशीच होते. तुम्ही कोणाला पाडलं याइतकंच तुम्ही कोणापुढं किती टिकलात यालाही मोल असतं. एखादा म्हातारा पारावर बसून सांगतो, अमक्या पैलवानानं मला अर्धा तास लोळवलं पण चित केलं न्हाई, आणि लोक त्याला चहा पाजतात. अण्णांनी बॉक्सिंगला तोच हिशोब लावला. जाताना सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याला हरवणारा जवर उभा हाय तवर हे गोडाऊन ह्याचं. माझा शबूद."

अर्धी थट्टा होती. पण अण्णांची थट्टासुद्धा आमच्या संस्थेत नियम व्हायची.

आता माझा संबंध. माझं अक्षर बरं, म्हणून शाळेच्या वार्ताफलकावर रोज सकाळी ठळक बातम्या लिहायचं काम माझ्याकडं. परभणीच्या एस.टी.नं पेपर यायचा, मी तो आधी वाचायचो. फौजी दिवसाआड फलकापाशी येत, पाय हलवत उभे राहत.

"सर, आपल्या माणसाचं काय आलं का?"

"तुम्ही स्वतः का बघत नाही पेपर?"

"तुमी बगताव न्हवं. मग मी कामून बगू?"

तो जिंकल्याचं कधीमधी खेळाच्या पानाच्या तळाशी दोन ओळींत यायचं. मी ते फलकावर शेवटी लिहायचो. प्रार्थनेनंतर बातम्या वाचल्या जात, ती ओळ आली की मैदानावर टाळ्या पडायच्या. कुठला कोण परदेशी माणूस, आणि जिंतूरच्या मैदानावर त्याला टाळ्या. फौजी तेव्हा जमिनीकडं बघत. त्यांना हरवणारा जिंकला, की त्यांचं तोंड असं व्हायचं जणू मुलगी परीक्षेत पास झालीय.

पोरांना ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "दिसलेल्या ठोशानं माणूस पडत न्हाई. दिसला की अंग घट्ट होतंय. जो दिसत न्हाई त्यानं पडतो." मग एखाद्याच्या कपाळावर बोटानं टिचकी मारायचे. "ही दिसली का? न्हाई ना. हनुवटी आत."

वर्गात वस्तीतली पोरं होती आणि बड्या घरचीही. अण्णांचे पुतणे बापू, त्यांचा थोरला मुलगाही यायचा. एका संध्याकाळी वस्तीतल्या एका पोराच्या ठोशानं त्याचं नाक फुटलं. फौजींनी स्वतः नाक धुतलं, डोकं पुढं झुकवून बसवलं, मग दोघांना हात मिळवायला लावले. नेमके बापू तेव्हा दारात आले. आपल्या मुलाच्या खांद्यावर कोणाचा हात आहे, ते त्यांनी पाहिलं.

"खेळात व्हायचंच," बापू म्हणाले. "काय हरकत न्हाई."

त्या आठवड्यापासून ते गोडाऊनमध्ये कुस्तीची तालीम करायची म्हणून बोलू लागले. माती कुठून आणायची, कोणाला घ्यायचं, कोणाला नाही. अण्णा म्हणाले, शब्द दिलाय. खरं कारण काय ते शाळेत सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. मीही नाही.

आणि मग एका सकाळी त्या तळाच्या जागी चार ओळी आल्या. आशियाई फ्लायवेट किताबाच्या लढतीत धक्कादायक निकाल. कोणी ज्याचं नाव ऐकलं नव्हतं अशा नवख्यानं विजेत्याला दुसऱ्या फेरीत उजव्या हाताच्या एकाच ठोशानं आडवं केलं. दहा आकडे मोजून झाले तरी तो उठला नाही.

मी खडू हातात घेऊन फलकासमोर उभा राहिलो. लिहिलं नाही. पावसाचा अंदाज लिहिला, कापसाचा भाव लिहिला. फौजी आले.

"आपल्या माणसाचं काय?"

"काही नाही."

इथपर्यंत मी चांगलाच वागलो, असं मला वाटतं. गोडाऊन वाचावं म्हणून. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. पण मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा आला आणि मी सांगून टाकलं. का सांगितलं? मी यावर खूप विचार केलाय. कोणाबद्दल आकस नव्हता. चहाबरोबर सांगायला काहीतरी होतं, आणि माझ्यासारख्या नेहमी गप्प बसणाऱ्या माणसाकडं सगळ्यांनी एकदा माना वळवल्या. ते मला आवडलं. एवढंच सापडतं. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

"अरे, म्हणजे गोडाऊन गेलं की फौजीचं," कोणीतरी म्हणालं, आणि हसले सगळे. मी म्हणालो, "त्याला सांगू नका हं." मलाही हसू आलं होतं.

दोन-तीन दिवसांनी क्रीडा सप्ताहाची तयारी बघायला अण्णा आले. मैदानाकडेच्या लिंबाखाली त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. आम्ही भोवती उभे. बापू अण्णांच्या मागं. फौजींना बोलावणं गेलं. ते आले, सॅल्यूट केला, पाय हलवत उभे राहिले.

बापूंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "काय फौजी, तुमचा तो पैलवान काय म्हणतोय सध्या?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. खोकलो असतो तरी पुरलं असतं.

"त्याला काय हुतंय बापूसाहेब," फौजी म्हणाले. हनुवटी वर होती, चेहरा उजळलेला. "मला हरवणारा अजून हरला न्हाई."

आमच्या घोळक्यातून हसू फुटलं. आधी एक, मग चार-पाच. फौजीही थोडे हसले. आपण काही विनोदी बोललो असं त्यांना वाटलं असावं.

"नवख्या पोरानं झोपवला त्याला," बापू म्हणाले. "दुसऱ्याच डावात. ह्या सरांनीच परवा सांगितलं स्टाफरूममधी. व्हय का न्हाई सर?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. फौजींनीही.

"हो," मी म्हणालो.

त्यांचे पाय थांबले. राष्ट्रगीताशिवाय मी ते पहिल्यांदाच थांबलेले पाहिले.

अण्णा हसले नव्हते. त्यांनी खाली बघून काठीनं मातीत एक रेघ ओढली. "एकाच ठोशात?" त्यांनी विचारलं.

"एकाच," बापू म्हणाले. "मंजी बगा अण्णा. नवख्यानं लोळवला त्याला, आन् त्यानं हरवलं ह्यांना. मग ह्यांचं वजन किती धरायचं?"

फौजी मात्र अण्णांकडं बघत नव्हते. बापूंकडंही नाही. ते कुठंतरी आमच्या सगळ्यांच्या मधून पलीकडं बघत होते.

"कोणत्या हातानं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कोणत्या हातानं मारला?"

आता तर सगळेच मोठ्यानं हसले. एक जण कपाळापाशी बोट फिरवून म्हणाला, "ठोसा तिकडं बसला, भिरभिरलं हिकडं." मला वाटलं, खरंच डोकं सुन्न झालंय यांचं, घर जळत असताना माणूस विचारतो ना, माझी चप्पल कुठंय, तसं. मला उत्तर माहीत होतं. उजव्या. पेपरात छापलेलं होतं. पण इतके लोक हसत असताना मध्येच 'उजव्या' म्हणणं कसंतरीच वाटलं. मीही हसणाऱ्यांत होतो की नव्हतो, ते मला आता आठवत नाही. आठवत नाही म्हणजे असणार.

अण्णा उठले. "शबूद दिल्ता मी. फोटू काढून घे फौजी," एवढं म्हणाले, आणि गाडीकडं चालू लागले. मला अजून वाटतं, म्हाताऱ्याला ते आवडलं नव्हतं. पण हिशोब त्यांचाच होता, आणि तो चुकला असं ते कसं म्हणणार?

गोडाऊनमध्ये लाल माती पडली. चऱ्हाट बापूंच्या गोठ्यात गेलं. पोतं उसवून सरकी पैलवानांच्या म्हशीला घातली. फौजींची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेवर झाली, लांब, राणीसावरगावकडं. शाळेनं निरोप समारंभ ठेवला नाही. मी एस.टी. स्टँडवर गेलो. माफी मागायची होती, असं मी घरून ठरवून निघालो होतो.

ते बाकावर बसले होते. मांडीवर चादरीत गुंडाळलेला फोटो. मला बघून उठले, पाय पुन्हा हलू लागले. मला बरं वाटलं.

"सर, एक इचारू?"

मला वाटलं, आता विचारतील: तुम्ही मला का नाही सांगितलं. मी तयार होतो.

"पेपरात लिवलं होतं का, कोणत्या हातानं?"

मी काय म्हणालो असेन? तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय. पण बघा, उजव्या म्हणालो असतो, तर त्या दिवशी लिंबाखाली मला ते माहीत होतं हेही बाहेर आलं असतं. मनात हे असं मांडून मी बोललो नाही. तोंडातून आपोआप निघालं.

"नव्हतं लिहिलं," मी म्हणालो. "नुसताच निकाल होता."

"आं," ते म्हणाले. खाली बसले. मग फोटोवरची चादर थोडी बाजूला केली आणि त्या वर हात असलेल्या माणसाच्या डाव्या हातावर बोट ठेवलं.

"ह्यो डावा मारायचा ना, सर, विजेसारखा. पण परत आणताना खालून आणायचा. हनुवटी उघडी पडायची, एवढीशी. पापणी लवूस्तोवर. तिसऱ्या फेरीत दिसलं मला. माझा उजवा तयार हुता." त्यांनी उजवी मूठ गालापाशी नेली आणि तिथंच ठेवली. "मारला न्हाई."

"का?"

"म्हटलं, आपल्याला भास हुतोय. एवढा मोठा माणूस. आपल्यासारख्याला उघडा कसा सापडल?" ते हसले. "त्याच फेरीत परत दोनदा दिसलं. तरी न्हाई मारला. मग घंटा झाली, ह्येचा हात वर गेला. तवापास्नं वाट बगायलोय, सर. तो जिंकला की आनंद हुतो, का तर तिथं फट नव्हतीच, मी काय सोडलं न्हाई. आन् परत वाटतंय, असंल तर? आता कुणीतरी मारला. उजव्यानं मारला असंल तर मी बगितलेलं खरं. डाव्यानं मारला तर मग गोष्ट येगळी."

आम्ही सगळ्यांनी धरलं होतं, की त्या बातमीनं हा माणूस संपेल. म्हणून मी लपवली, म्हणून बापूंनी वापरली. आणि हे तर तीच बातमी हातात मिळावी म्हणून इतकी वर्षं फलकापाशी येऊन उभे राहत होते.

"आता कुटं कळायचं ते," ते म्हणाले. "जाऊ द्या."

गाडीची घंटी वाजली आणि राहून गेलं, असं मी खूप दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. घंटी बरीच नंतर वाजली. त्याआधी त्यांनी दोन चहा आणले, माझे पैसे घेतले नाहीत, त्यांच्या धाकटीला खोकला झालाय म्हणाले, राणीसावरगावला पाणी कसं आहे विचारलं. मी पाण्याबद्दल सांगितलं. पुष्कळ सांगितलं.

गाडी निघाली तेव्हा ते खिडकीत होते. मला वाटलं हनुवटीला अंगठा लावतील. माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. समोरच्या सीटच्या पाठीवर ते डावा हात हळूच पुढं नेत होते आणि खालून परत आणत होते. पुन्हा पुढं, पुन्हा खालून. शेजारचा माणूस त्यांच्याकडं बघत होता.

पुढच्या वर्षी मी राणीसावरगावला गेलो. तोवर त्यांनी नोकरी सोडली होती. कोणी म्हणालं पुण्याकडं गेले, कोणी म्हणालं नांदेडला वॉचमन आहेत. मग विद्यापीठाचं नाव बदललं, मीही निवृत्तीकडं सरकलो, गोडाऊनच्या जागी दुकानाचे गाळे आले. चौकशी करायची मी थांबवली. सापडले असते तर काय, याचीच मला जास्त भीती होती बहुतेक.

त्यांना ओळखणारं कोणी हे वाचत असेल, तर एवढं त्यांच्या कानावर घाला. पेपरात लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं.

उजव्या हातानं.